महागाई, बाबासाहेबांचा रुपया आणि स्वाधारची रक्कम

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात, रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दाखवली. ऑक्टोबरमध्ये देशातला किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के, म्हणजे तेव्हाच्या मालिकेतला नीचांक. विहाराच्या पायरीजवळ बसलेल्या बचत गटाच्या एका बाईने हात वर केला आणि विचारले, "मंग भाऊ, आमच्या किराणावाल्याले हे कोनी सांगतलंच नाही का?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा आमच्या लक्षात आले की, गेली कित्येक वर्षे आम्ही महागाईविरोधी मोर्चात घोषणा दिल्या, निवेदने दिली, पण महागाई का होते आणि ती नेमकी कुणाच्या खिशातून काय नेते, हे वस्तीतल्या माणसाला सरळ सांगता येईल एवढा अभ्यास आम्ही केलेला नाही. ज्या महामानवाने अर्थशास्त्रातली डॉक्टरेट याच प्रश्नावर मिळवली, त्यांचे आम्ही अनुयायी. म्हणून पुढचे काही रविवार आम्ही हाच विषय घेतला. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडत आहोत.

आधी त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. महागाईचा दर म्हणजे किंमत नव्हे, किंमत वाढण्याचा वेग. शंभर रुपयांची वस्तू एका वर्षी सात टक्क्यांनी वाढली तर १०७ रुपयांची झाली. पुढच्या वर्षी पाच टक्क्यांनी वाढली तर सव्वाशेच्या दिशेने आणखी एक पाऊल, म्हणजे ११२ च्या पुढे. तिसऱ्या वर्षी दर शून्यावर आला तर सरकार म्हणते, महागाई संपली. पण वस्तू शंभराला मिळत नाही, ११२ लाच मिळते. गाडीचा वेग कमी झाला म्हणून गाडी मागे येत नाही. त्यात ०.२५ ही सरासरी. त्या महिन्यात भाज्या आणि डाळी वर्षभरापूर्वीपेक्षा खरोखर स्वस्त होत्या, पण खाद्यतेल महागच होते. सरासरी सगळ्यांची मिळून असते, कढई मात्र ज्याची त्याची असते.

आता मूळ प्रश्न. किमती का वाढतात?

पहिले कारण, पैसा वाढला आणि माल तेवढा वाढला नाही. याला अर्थशास्त्रात चलनवाढ म्हणतात. याचे सर्वात भयंकर उदाहरण आपल्याच देशात घडले. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने लष्करासाठी भारतात प्रचंड खरेदी केली. त्या खर्चापोटी ब्रिटनकडून येणे असलेले पौंड लंडनमध्ये हिशेबाला जमा होत राहिले आणि त्यांच्या आधारावर इथे रुपयाच्या नोटा छापल्या गेल्या. माल सैन्याकडे गेला, नोटा बाजारात आल्या. १९४३ मध्ये बंगालमध्ये तांदळाचे भाव कडाडले आणि दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, त्या वर्षी बंगालमध्ये धान्य काही एवढे कमी नव्हते. तांदळाचा भाव ज्या गतीने चढला त्या गतीने शेतमजुराची मजुरी चढली नाही, हे खरे कारण होते. मेले कोण? भूमिहीन शेतमजूर, मासेमार, गावातले कारागीर. कोलकात्यातल्या युद्धउद्योगांतल्या कामगारांना स्वस्त धान्य मिळण्याची सोय होती. ज्याची मिळकत भावाबरोबर हलली नाही, तो मेला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

दुसरे कारण, उत्पादनाचा आणि वाहतुकीचा खर्च. आपला देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. युक्रेनचे युद्ध २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाले आणि एप्रिलमध्ये आपला किरकोळ महागाईचा दर ७.७९ टक्क्यांवर गेला. डिझेल महागले की ट्रक महागतो, ट्रक महागला की कोथिंबीरही महागते. पण सगळा दोष परदेशातल्या युद्धावर टाकून मोकळे होता येत नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात जगात कच्चे तेल कोसळले होते. तेव्हा तो फायदा जनतेला न देता केंद्राने मे महिन्यात पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपये कर वाढवला. जुलै २०२२ मध्ये पिशवीबंद, लेबल लावलेल्या पीठ-तांदूळ-दह्यावर ५ टक्के जीएसटी आला. असा कर माणूस बघत नाही. बंगल्यातला जेवढा भरतो तेवढाच झोपडीतला भरतो. बंगल्यातल्याला तो कळतही नाही, झोपडीतल्याच्या महिन्याचा हिशेब त्याने बिघडतो.

तिसरे कारण, शेतमालाचा पुरवठा आणि मधली साखळी. अवकाळी पाऊस झाला, चाळीतला कांदा सडला की शहरात कांदा डोळ्यांत पाणी आणतो. काही महिन्यांनी तोच कांदा लासलगावला मातीमोल होतो. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार ग्राहक देत असलेल्या रुपयातले शेतकऱ्याला टोमॅटोचे ३३ पैसे, कांद्याचे ३६ पैसे आणि बटाट्याचे ३७ पैसे मिळतात. म्हणजे महागाईत शेतकरी श्रीमंत होतो, हा शहरी समज साफ खोटा आहे. आणि आपल्या समाजातला शेतीत राबणारा बहुसंख्य माणूस शेतकरीही नाही, शेतमजूर आहे. भाव चढला तर त्याला मिळत काही नाही, द्यावे मात्र पूर्ण लागते.

चौथे कारण, बाजारातली मक्तेदारी. एका धंद्यात दोन-चारच मोठे समूह उरले की भाव ते ठरवतात. हे आमच्यासारख्या मोर्चेकऱ्यांचेच म्हणणे नाही. रिझर्व्ह बँकेचे माजी डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी २०२३ मध्ये देशातल्या पाच बड्या उद्योगसमूहांच्या वाढत्या बाजारशक्तीचा संबंध महागाईशी जोडून दाखवला होता.

एवढी वेगवेगळी कारणे, आणि औषध काय? २०१६ पासून कायद्याने रिझर्व्ह बँकेवर जबाबदारी आहे की महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर २ ते ६ च्या मध्ये ठेवावी. २०२२ मध्ये सलग तीन तिमाही ती ६ च्या वर राहिली, तेव्हा बँकेला सरकारला पत्र लिहून कारणे द्यावी लागली. असे पहिल्यांदाच घडले आणि ते पत्र जनतेसमोर आले नाही. बँकेच्या हातातले मुख्य हत्यार व्याजदराचे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. कर्ज महागले की लोक खर्च कमी करतात, मागणी घटते, भाव थांबतात. पण व्याज वाढवून सडलेला कांदा ताजा होत नाही. बांधकाम थांबले की पहिला घरी बसतो तो नाक्यावरचा मजूर. म्हणजे रोगाचा भार ज्याच्यावर, औषधाचा कडूपणाही त्याच्याच तोंडात.

इथपर्यंत अभ्यासवर्गात सगळ्यांना पटले. खरी खळबळ उडाली ती आम्ही बाबासाहेबांचा ग्रंथ उघडला तेव्हा.

‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला, तेव्हा बाबासाहेब बत्तीस वर्षांचे होते. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मध्ये भारतातल्या सुवर्ण विनिमय पद्धतीची भलामण केली होती. बाबासाहेबांनी त्या पद्धतीवरच हल्ला चढवला. त्यांचा मुद्दा असा की, या पद्धतीत रुपये किती काढायचे यावर पक्की मर्यादा नाही, ते राज्यकर्त्यांच्या मर्जीवर आहे. रुपयाचा पौंडाशी दर स्थिर ठेवला म्हणून चलन स्थिर होत नाही, रुपयात देशातल्या माणसाला काय विकत मिळते ते स्थिर राहिले पाहिजे. म्हणून रुपया काढण्यावर कायद्याचे बंधन हवे.

आमच्यासाठी त्याहून महत्त्वाचे त्या ग्रंथातले दुसरे विवेचन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदी उतरली आणि तिच्याबरोबर रुपयाही उतरत गेला. तेव्हा निर्यातदार आणि गिरणीमालक सांगत, रुपया उतरला हे देशाच्या फायद्याचेच आहे. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा आला कुठून? त्यांनी आकडे मांडून दाखवले की किमती वाढल्या, मजुरी त्या मानाने वाढली नाही. मालकाचा नफा परदेशातून आला नव्हता, तो मजुराच्या घटलेल्या मजुरीतून आला होता. १९२५ च्या डिसेंबरमध्ये हिल्टन यंग आयोगासमोर साक्ष देतानाही त्यांनी हीच कसोटी लावली. रुपयाचा दर व्यापारी वर्गाच्या मागणीप्रमाणे खाली ओढला तर भाव वाढतील आणि मजुरांची खरी मिळकत कापली जाईल, हा धोका त्यांनी मांडला.

बाबासाहेबांनी तेव्हा सुचवलेला सोन्याच्या चलनाचा उपाय आजच्या जगाला जसाच्या तसा लागू होणार नाही आणि तसा आमचा आग्रहही नाही. पण त्यांचा प्रश्न शंभर वर्षांनीही तेवढाच जिवंत आहे. भाव वाढले तेव्हा कुणाची मिळकत त्याबरोबर वाढली आणि कुणाची वाढली नाही?

हा प्रश्न घेऊन आम्ही आजच्या भारताकडे पाहिले.

केंद्र आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्याला महागाई भत्ता आहे. केंद्रात दर वर्षी जानेवारी आणि जुलैपासून तो निर्देशांकाप्रमाणे सुधारतो. तो असलाच पाहिजे, त्याला आमचा विरोध नाही. खासदारांचे वेतन २०१८ पासून कायद्याने महागाई निर्देशांकाला जोडले आहे. मार्च २०२५ मध्ये अधिसूचना निघाली आणि महिना १ लाखाचे १ लाख २४ हजार झाले, तेही १ एप्रिल २०२३ पासून मागील थकबाकीसह. मोर्चा नाही, निवेदन नाही, उपोषण नाही.

आता दुसरी बाजू पाहा. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धाला केंद्र सरकार महिन्याला २०० रुपये देते. २००७ पासून ८० वर्षांखालच्या वृद्धासाठी केंद्राचा हा वाटा २०० वरच आहे. राज्य आपल्याकडून भर घालते म्हणून म्हाताऱ्याच्या हातात काही पडते. या काळात किमती तिपटीच्या घरात गेल्या. तेव्हाच्या दोनशे रुपयांची आजची खरी किंमत सत्तर रुपयांपेक्षाही कमी आहे. पेन्शन कुणी कापली नाही, कपातीचा आदेश कुणी काढला नाही, विधेयक आले नाही, चर्चा झाली नाही. महागाईने ती गुपचूप कापली.

आणि आपली स्वाधार योजना. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची ही योजना बाबासाहेबांच्या नावाने आहे. जानेवारी २०१७ च्या शासन निर्णयात मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. २०१७ ते २०२४ या काळात किरकोळ किमतींचा निर्देशांक जवळपास दीडपट झाला. ६०,००० मात्र ६०,००० च राहिले. भोजनाच्या ३२,००० मध्ये आता पूर्वीच्या एकवीस-बावीस हजारांचे जेवण येते. म्हणजे मुलाच्या ताटातले वर्षाचे चार महिने नाहीसे झाले.

इथे आम्हाला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगताना आम्हाला स्वतःचीच लाज वाटते.

आमच्या अभ्यासवर्गातला एक मुलगा नागपुरात खोली करून बीएस्सी करत होता. वडील एका इमारतीवर कंत्राटी सुरक्षारक्षक. स्वाधारचे पैसे येत होते, उशिरा का होईना येत होते. वडिलांचा पगार महिन्याला २०,४०० होता. किमान वेतनातला विशेष भत्ता वाढला तसा तो २१,२०० झाला. वडिलांनी पेढे आणले होते, आम्हीही खाल्ले. २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षात अर्ज भरायला गेलो तेव्हा उत्पन्नाचा दाखला निघाला २ लाख ५४ हजार ४०० रुपयांचा. मर्यादा अडीच लाखाची. अर्ज अडला. वर्षाला ९,६०० रुपये वाढले आणि ६०,००० गेले. मुलगा दुसऱ्या सत्रापासून रात्री एका गोदामात माल उतरवायला जाऊ लागला आणि सकाळच्या प्रात्यक्षिकाला झोपा काढू लागला. त्या वर्षी त्याचे दोन विषय राहिले.

त्याचे वडील काही श्रीमंत झाले नव्हते. विशेष भत्ता मिळतो तोच मुळी महागाईची भरपाई म्हणून. २०,४०० मध्ये घरात जेवढे सामान येत होते तेवढेच २१,२०० मध्ये येत होते. पण मर्यादा हलली नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठीही उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा २०१३-१४ ची आहे. आमच्या विद्यार्थ्याचा अर्ज अडला तेव्हा अकरा वर्षांनंतरही तीच होती. तेव्हाच्या अडीच लाखांची खरेदीशक्ती टिकवायची तर २०२४ मध्ये ती चार लाखांच्या पुढे हवी होती. मर्यादा गोठवली की दरवर्षी काही हजार कुटुंबे गरिबीतून बाहेर न पडताच कागदावर गरिबीतून बाहेर पडतात. शासनाने आरक्षण काढले तर आपण रस्त्यावर उतरू. शासन काहीच करत नाही, मर्यादेला हात लावत नाही, आणि महागाई आपल्याला अपात्र ठरवून टाकते. याविरुद्ध कुणी रस्त्यावर उतरले?

आम्ही उतरलो नाही, हीच लाजेची गोष्ट. आम्ही स्वाधारसाठी समाजकल्याण कार्यालयावर तीन वेळा मोर्चा नेला. जुन्या फायली काढून निवेदने पाहिली. तिन्हींत एकच मागणी होती, रक्कम वेळेवर द्या. रक्कम आणि मर्यादा निर्देशांकाला जोडा, ही मागणी एकातही नव्हती. ज्यांच्या बापाने मजुरी भावाच्या मागे राहते हे शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवले, त्यांच्या निवेदनात हे एक वाक्य नव्हते. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या विचारातून जन्मली असे फलक आम्ही दर १४ एप्रिलला लावतो. फलक लावणाऱ्यांपैकी तो ग्रंथ किती जणांनी उघडला, असे त्या रविवारी विचारले तेव्हा एकही हात वर आला नाही. आमचाही आला नाही, कारण आम्ही तो एमएला असताना चाळला होता, वाचला नव्हता.

काही जण म्हणतील, अशा रकमा वाढवल्या तर लोकांच्या हातात पैसा येईल आणि महागाई आणखी वाढेल. फुकटच्या वाटपानेच महागाई होते, हे वाक्य आपण रोज ऐकतो. प्रामाणिकपणे सांगायचे तर माल तेवढाच राहिला आणि पैसा वाढला तर भाव चढतात, हे खरे आहे, वर पहिले कारण आम्ही तेच दिले आहे. पण मग हा नियम सगळ्यांना लावा. खासदारांचे वेतन निर्देशांकाने वाढले तेव्हा महागाईची भीती कुणाला वाटली नाही. आणि २००७ पासून जी रक्कम एका रुपयाने वाढली नाही ती या अठरा वर्षांच्या महागाईचे कारण कशी असेल? शिवाय आपण नवी खैरात मागत नाही. जे देऊ म्हणून कबूल केले होते त्याची किंमत टिकवा, एवढेच मागतो.

म्हणून तरुण मित्रांनो आणि कार्यकर्त्यांनो, यापुढच्या प्रत्येक निवेदनात तीन वाक्ये जोडा. एक, स्वाधार, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातल्या निर्वाह भत्त्याची रक्कम दरवर्षी महागाई निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढली पाहिजे. दोन, उत्पन्नाची मर्यादाही त्याच निर्देशांकाने वाढली पाहिजे. तीन, वृद्ध, विधवा आणि अपंगांच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा गोठलेला ठेवता कामा नये. यात नवे तत्त्व काहीच नाही. जे खासदारांना लागू आहे ते खासदार निवडून देणाऱ्यांना लागू करा.

आणि प्रत्येक विहारात, प्रत्येक वसतिगृहात ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ वाचायला घ्या. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन आणि भाषणांच्या सहाव्या खंडात तो आहे. अवघड आहे, पहिल्या वाचनात अर्धा समजत नाही, आमचेही तसेच होते आहे. आम्ही रविवारी पाच पाने वाचतो. एक जण वाचतो, दुसरा मराठीत सांगतो, तिसरा त्या आठवड्याचा किराण्याचा भाव फळ्यावर लिहितो. तो मुलगा राहिलेले दोन विषय पुन्हा देतो आहे आणि फळ्यावर भाव लिहायचे काम त्याच्याकडे आहे. तेल, पीठ, सिलिंडर, खोलीभाडे. शेजारच्या रकान्यात तो दर आठवड्याला एकच आकडा लिहितो, ६०,०००. तो आकडा पुसून नवा लिहायला लावणे, हे आता आपल्या चळवळीचे काम आहे.

जय भीम!